फ्लॅशची मान वळवा!

मुलांनो, आज रात्री एक गंमत करून बघा. घरातली एखादी चकचकीत, छोटीशी वस्तू घ्या. स्टीलचा चमचा, शिवणयंत्राची बॉबिन, सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा, काहीही चालेल. ती टेबलावर ठेवा, कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा फ्लॅश चालू करा आणि अगदी समोरून, जवळून तिचा फोटो काढा. काय आलं? मधोमध पांढराफटक डाग, मागे काळीकुट्ट सावली आणि बिचारी वस्तू कुठल्या कुठे हरवलेली! हात् तिच्या!

घाबरू नका. तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही आणि तुमचा हातही वाईट नाही. चूक आहे ती उजेडाच्या दिशेची. ती सुधारायला एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त एक पांढरी भिंत, नाहीतर पांढऱ्या कार्डशीटचा एक तुकडा. पण ही साधी गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली नव्हती, म्हणून माझं काय झालं ते आधी ऐका.

छत्तीस फोटो आणि एक टोकन

गोष्ट १९९३ सालची. मी नववीत होतो. आम्ही आकुर्डीला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि बाबा एका कारखान्यात टर्नर होते. शाळेत प्रदर्शन होतं, विषय होता ‘आपलं गाव, आपले कारखाने’. मी ठरवलं, बाबांच्या कामातल्या छोट्या छोट्या वस्तूंचे फोटो लावायचे. मामाकडून कॅमेरा आणि त्याच्यावर बसवायची फ्लॅशगन मागून आणली. ३६ फोटोंचा रोल बाबांनी आणून दिला. रोल म्हणजे त्या काळी चैनच. त्यामुळे प्रत्येक बटण दाबताना छातीत धडधडायचं!

व्हर्नियर, मायक्रोमीटर, लेथवर निघणारा लोखंडाचा गोल गोल कीस, सगळ्यांचे फोटो काढले. आणि सर्वांत शेवटी बाबांचं टोकन.

टोकन म्हणजे काय, ते तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. कारखान्याच्या टूल रूममधून एखादं हत्यार हवं असलं, की कामगाराने खिडकीत आपल्या नंबराचं पितळी टोकन द्यायचं. हत्यार काढून त्या जागी खिळ्याला टोकन अडकवलं जायचं. म्हणजे कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते एका नजरेत कळायचं. हत्यार परत केलं की टोकन परत. बाबांच्या टोकनाचं भोक खिळ्याला अडकून अडकून इतकं झिजलं, की ते काठापर्यंत गेलं. मग त्यांना नवं मिळालं आणि जुनं त्यांनी जपून ठेवलं.

आठवड्याने रोल धुऊन आला. कीस बरा आला होता. व्हर्नियर अर्धा काळा, अर्धा पांढरा. आणि टोकनाचे तिन्ही फोटो? पितळेच्या मधोमध, नेमका जिथे नंबर ठोकलेला होता तिथेच, पांढरा गोळा! नंबर वाचताच येईना. ‘जाऊ दे, पुन्हा काढू’ असं म्हणून मी ते प्रिंट वहीत ठेवून दिले.

पुढे काही वर्षांनी चिंचवडच्या एका फोटोवाल्या काकांना मी ते प्रिंट दाखवले. ते हसले. म्हणाले, “अरे, फ्लॅशगनची मान वळते, ठाऊक आहे ना? मग ती वस्तूच्या तोंडावर कशाला धरतोस? भिंतीकडे कर की!” मला तर ठाऊकच नव्हतं. मामाच्या फ्लॅशगनची मानसुद्धा वळत होती!

आधी कॅमेऱ्याशिवाय

काका काय म्हणाले ते समजायला कॅमेरा नको, एक टॉर्च पुरे. खोलीत अंधार करा. टेबलावर एक सुपारी ठेवा आणि टॉर्चचा झोत थेट तिच्यावर सोडा. सावली बघा. सुरीने कापल्यासारखी काठदार! आता टॉर्च सुपारीकडून वळवा आणि शेजारी उभ्या धरलेल्या पांढऱ्या कागदावर मारा. कागदावरून उसळलेला उजेड सुपारीवर पडेल. बघा, सावली मऊ झाली की नाही? काठ विरघळले आणि सुपारीवरच्या बारीक रेषाही दिसू लागल्या.

असं का होतं? उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने लहान असला, तर सावली धारदार पडते. उगम मोठा असला, तर उजेड अनेक बाजूंनी येतो, सावलीच्या आतही थोडाफार पोचतो आणि सावली मऊ होते. वैशाखातल्या दुपारी अंगणातली तुमची सावली कशी कडक असते! आणि श्रावणात आभाळ भरून आलं, की सावली जवळजवळ नाहीशीच होते. सूर्य तोच, पण ढगांमुळे सगळं आकाशच दिवा झालेलं असतं. फ्लॅशगनचं तोंड जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. पण तोच उजेड छतावर मारला, तर छताचा मोठा पांढरा पट्टा दिवा होतो. आपण घरातल्या घरात ढग तयार केला म्हणा ना!

याला फोटोवाले ‘बाउन्स फ्लॅश’ म्हणतात. बाउन्स म्हणजे उसळी.

कॅरमसारखं, पण नेमकं तसं नाही

कॅरम खेळताना तुम्ही रिबाउंड मारता ना? स्ट्रायकर ज्या कोनात कडेवर आपटतो, त्याच कोनात पलीकडे जातो. आरशावर पडलेला उजेड अगदी तसाच वागतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंच असेल. पण चुन्याची भिंत म्हणजे आरसा नव्हे. तिचा पृष्ठभाग बारीक पाहिला तर खडबडीत असतो. समजा, कॅरमबोर्डाची कड वेडीवाकडी आहे आणि तुम्ही एकाच वेळी हजार स्ट्रायकर मारले. ते कुठे जातील? दाही दिशांना! हेच अनियमित परावर्तन. म्हणूनच भिंतीवरून येणारा उजेड एका रेषेत न येता पसरून येतो आणि आपलं काम होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. भिंत पांढरीच हवी. गुलाबी भिंतीवरून आलेला उजेड गुलाबी होऊनच येतो. मग आजीची चांदीची अत्तरदाणी तांब्याची वाटू लागते! खोलीला रंग असला तर कार्डशीटचा आडोसा करा, नाहीतर छताकडे बघा. बहुतेक घरांत छत पांढरंच असतं.

चला, टेबलावरचा स्टुडिओ मांडू

साहित्य: दोन पांढऱ्या कार्डशीट, थोडा बटर पेपर, चिकटपट्टी, कपडे वाळत घालायचे चार चिमटे, जाडजूड पुस्तकं, आणि कॅमेरा व फ्लॅशगन. फ्लॅशगन नसली तर घरातले दोन मोबाइल.

कृती: एक कार्डशीट भिंतीला टेकवून उभी करा आणि तिचा खालचा भाग टेबलावर पुढे येऊ द्या. मध्ये घडी घालू नका, नुसती बाक येऊ द्या. म्हणजे वस्तूच्या मागे भिंत आणि टेबल यांची रेघ दिसणार नाही. वस्तू तिच्यावर ठेवा. दुसरी कार्डशीट वस्तूच्या डाव्या बाजूला, साधारण हातभर अंतरावर, चिमट्यांनी पुस्तकांना लावून उभी करा. फ्लॅशगन या कार्डशीटकडे वळवा. तिचा थेट उजेड वस्तूवर पडता कामा नये. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. हात हलू नये म्हणून टायमर लावा आणि मागे सरका. खटॅक!

मोबाइलचा फ्लॅश वळवता येत नाही. म्हणून फोटो काढणाऱ्या मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च लावा आणि तो कार्डशीटवर मारा. हा उजेड फ्लॅशपेक्षा पुष्कळ मंद असतो, म्हणून मोबाइल अजिबात हलायला नको.

फोटो करडा आला का? पांढरी पार्श्वभूमी बघून कॅमेरा फसतो. त्याला वाटतं, उजेड जास्तच आहे, आणि तो फोटो काळपट करतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं वाढवा. काळ्या वस्तूच्या बाबतीत उलटं करा.

अक्षरं वाचायची तर उजेड कुशीतून

आता खरी मेख ऐका. उजेड मऊ झाला म्हणजे सगळं झालं, असं नाही. टोकनावरचा नंबर, नाण्यावरची अक्षरं, भांड्यावर घातलेलं नाव, हे सगळं खोलगट किंवा उठावाचं असतं. त्यावर छतावरून सगळीकडून सारखा उजेड पडला, तर अक्षरांची सावलीच पडत नाही आणि ती सपाट दिसतात. अशा वेळी उजेड कुशीतून, अगदी खालून सरपटत यायला हवा. कार्डशीट टेबलाच्या पातळीवर आणा आणि फ्लॅश तिच्या खालच्या भागावर मारा. प्रत्येक अक्षराच्या एका काठाला बारीक सावली पडेल आणि अक्षर उठून दिसेल. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेताच्या सऱ्या कशा दिसतात, तसंच!

जुनी शिवराई कुणाच्या घरी आहे का? शिवाजी महाराजांनी पाडलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. झिजलेल्या नाण्यावरचं समोरून काहीच वाचता येत नाही, पण कुशीतला उजेड पडला की एखादं अक्षर हळूच डोकं वर काढतं. मात्र फोटो छान यावा म्हणून नाणं चिंचेने किंवा पावडरीने घासू नका हं! घासल्याने अक्षरं आणखी झिजतात आणि नाण्याचं मोलही जातं.

छर्ऱ्याच्या पोटात तुम्हीच!

सगळ्यांत अवघड वस्तू कोणती? बेअरिंगचा छर्रा. तो गोल आरसाच असतो. त्याच्या फोटोत खिडकी दिसते, पंखा दिसतो आणि मधोमध कॅमेरा घेतलेले तुम्ही दिसता! चकचकीत वस्तू स्वतःचं रूप फारसं दाखवत नाही, समोर जे असेल तेच दाखवते. म्हणून तिच्यासमोर पांढरंच ठेवायचं. बटर पेपरचा मोठा शंकू करा, त्याचं टोक कापून भोक पाडा आणि शंकू छर्ऱ्यावर उपडा ठेवा. भोकातून कॅमेरा आत डोकावेल आणि फ्लॅश बाहेरून शंकूवर मारायचा. छर्रा मोत्यासारखा दिसेल.

ही पोरखेळाची युक्ती वाटली ना? आता गंमत बघा. मोठ्या कारखान्यांत चकचकीत सुटे भाग कॅमेऱ्याने तपासतात, तेव्हा त्यांच्यावर पांढऱ्या घुमटासारखा दिवा धरतात. घुमटाच्या कडेला बारीक दिवे आणि वर मधोमध कॅमेऱ्यासाठी भोक. दिव्यांचा उजेड घुमटाच्या आतल्या पांढऱ्या रंगावरून उसळून भागावर पडतो. आहे की नाही आपलाच शंकू! गाडीचा रंगवलेला पत्रा तपासतानाही हीच अक्कल कामी येते. गाडी ट्यूबलाइटच्या लांबलचक ओळींखाली उभी करतात आणि पत्र्यात दिसणाऱ्या त्या उजळ रेघा बघतात. रेघ कुठे वाकडी झाली, की समजायचं, तिथे पोचा आहे. चाकणला किंवा भोसरीला तुमच्या घरचं कुणी तपासणी खात्यात असेल तर विचारा. तुम्हाला ठाऊक असलेलं बघून तेच चकित होतील.

मोठ्या मुलांसाठी थोडा हिशेब

प्रत्येक फ्लॅशगनला एक गाइड नंबर असतो. समजा, तुमच्या फ्लॅशगनचा नंबर २८ आहे. म्हणजे आयएसओ १०० असताना, २८ ला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ नंबर मिळतो. उजेड उसळवताना अंतर मोजायचं ते जाऊन-येऊन. फ्लॅश ते छत २ मीटर आणि छत ते वस्तू २ मीटर, एकूण ४. २८ भागिले ४ म्हणजे ७. पण छत उजेड पितं आणि पसरवतंही. म्हणून अंदाजाने दोन स्टॉप सोडायचे, म्हणजे एफ नंबर निम्मा करायचा. उरलं साडेतीन.

साडेतीनवर छोट्या वस्तूचं एक टोक स्पष्ट येतं आणि दुसरं धूसर, कारण जवळून फोटो काढताना फारच थोडी खोली स्पष्ट येते. मग छताऐवजी कार्डशीट घ्या. फ्लॅश ते कार्डशीट ४० सेंटिमीटर, तिथून वस्तू ४० सेंटिमीटर. एकूण ०.८ मीटर. २८ भागिले ०.८ म्हणजे ३५, त्याच्या निम्मे साडेसतरा. म्हणजे एफ १६ सहज चालेल! अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, हा नियम इथे आपल्या फायद्याचा. छोट्या वस्तूला छत दूर पडतं, कार्डशीट जवळची. अर्थात हा अंदाज झाला. एक फोटो काढा, बघा आणि एफ नंबर थोडा मागेपुढे करा.

फ्लॅशची थोडी वंशावळ

पूर्वी उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवत. भप्पकन जाळ आणि धूर! मग काचेचे फ्लॅशबल्ब आले. एक बल्ब, एक फोटो, की तो फुकट गेला. होमाई व्यारावाला (१९१३ ते २०१२) या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिकलेल्या होमाईंना अशाच बल्बांच्या काळात काम करावं लागलं. विचार करा, एका बल्बवर पंतप्रधान टिपायचे आणि चुकलं तर पुन्हा संधी नाही! अमेरिकेतले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा अतिशय झटपट फ्लॅश वापरून १९५७ साली दुधाच्या थेंबाचा फोटो काढला. थेंब पडल्यावर उडालेला दुधाचा मुकुट त्यात दिसतो. तो फोटो जगभर गाजला. वस्तू केवढीशी, तर एक थेंब!

सावधान!

फ्लॅशगन कधीही उघडू नका. तिच्या आतला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्ट साठवतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. फ्लॅश कुणाच्या डोळ्यांजवळ उडवू नका, तान्ह्या बाळाच्या तर मुळीच नाही. कागद फ्लॅशच्या तोंडाला चिकटवू नका, तोंड तापतं. घरातली खूप जुनी फ्लॅशगन नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याआधी जाणकाराला दाखवा. काही जुन्या फ्लॅशगनचा विद्युतदाब नव्या कॅमेऱ्याला सोसत नाही. आणि लेथचा कीस ब्लेडसारखा कापतो. तो मोठ्यांना चिमट्याने उचलू द्या.

काय टिपाल?

आता तुम्ही म्हणाल, फोटो कशाचे काढायचे? अहो, आपण राहतो कुठे? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी इथे कारखाने वाढले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि मग चाकणच्या माळावर गाड्यांचे कारखाने उभे राहिले. या सगळ्यात आपल्या घरातले कुणी ना कुणी राबले. त्याच्या खुणा घरातच असतात. कंपनीचा बिल्ला, पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं घड्याळ, घासून गुळगुळीत झालेली स्टीलची फूटपट्टी, पाण्याच्या टाकीपाशी पडलेला रिजेक्ट झालेला गिअर, आईच्या डब्याची झाकणावर नाव घातलेली कडी.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंत का? डॉ. दिनकर केळकर यांनी (१८९६ ते १९९०) आपल्या लाडक्या मुलाच्या, राजाच्या आठवणीत ते उभं केलं. तिथे अडकित्ते आहेत, दौती आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत. कुणाच्या तरी घरातल्या रोजच्या वस्तूच त्या! कुणीतरी वेळेवर जपल्या म्हणून आज आपल्याला दिसतात. सगळ्या वस्तू आपल्याला जपता येणार नाहीत. जागा कुठे आहे? पण स्पष्ट फोटो मात्र काढता येतो.

पालकांसाठी दोन शब्द

मूल जुनी वस्तू मागेल तेव्हा ‘ठेव ती तिकडे’ म्हणू नका. पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसा. फोटो काढून होईपर्यंत त्या वस्तूची गोष्ट सांगा. ती कुठून आली, कुणी वापरली, तिच्यावरचा हा पोचा कसा पडला. फोटोबरोबर वहीत ती गोष्ट, तारीख आणि वस्तूचं माप मुलाला लिहायला लावा. मापासाठी वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवून एक जादा फोटो काढायला सांगा.

आणि हो, बाबांच्या टोकनाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. पुन्हा फोटो काढायचा तो राहूनच गेला. पुढच्या वर्षी आम्ही आकुर्डीहून निगडीला राहायला गेलो. सामान हलवताना एक डबा भंगारात गेला, त्यात ते टोकन होतं. बाबांना नंबर तोंडपाठ होता, म्हणून कुणी तो लिहून ठेवला नाही. आता बाबाही नाहीत. त्यांचा नंबर काय होता ते घरात कुणालाच आठवत नाही. माझ्याकडे तीन प्रिंट आहेत. झिजलेलं भोक अगदी स्पष्ट आलंय, पण त्याच्या खाली आहे तो पांढरा गोळा.

म्हणून म्हणतो, रविवारची वाट बघू नका. आज संध्याकाळी घरातली एक वस्तू शोधा, एक कार्डशीट उभी करा आणि फ्लॅशची मान वळवा. फोटो आला की मोठा करून बघा. नंबर वाचता येतोय ना? मग झालं!